फोटोमास्तर आणि महिपतचा जबडा

हरिश्चंद्र धनावडे हा माणूस भला होता की मूर्ख, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तो जिवंत आहे, लांज्याला असतो, आणि भेटला की मी हे त्याच्या तोंडावर सांगते, म्हणून इथे लिहायलाही हरकत नाही.

मी आनंदीबाई. रत्नागिरीत एका ट्रस्टच्या तीस खाटांच्या इस्पितळात मी सत्तावीस वर्षं सिस्टर होते. इस्पितळाचं नाव सांगत नाही. ते कधीच बंद पडलं, पण ट्रस्टींच्या घरातली माणसं अजून भांडायला तयार असतात. हरी तिथला एक्स-रे टेक्निशियन. गावाकडची माणसं एक्स-रेला फोटो म्हणत, म्हणून तो फोटोमास्तर.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. त्या दिवसांत आमच्याकडे हाडं फार मोडत. हातखंब्याला ट्रक उलटला की चेचलेली माणसं टेम्पोत घालून आणत, आणि टेम्पो धुवायला पाणीही आमच्याकडेच मागत. आंब्याच्या दिवसांत कलमांच्या हद्दीवरून भाऊ भावाचा हात मोडायचा. एकदा दोन चुलतभाऊ एकाच टेबलावर एकामागून एक झोपले. एकाची कवटी फुटलेली, दुसऱ्याची दोन बोटं कोयत्यानं गेलेली, आणि फोटो निघेपर्यंत दोघं एकमेकांना आईवरून शिव्या देत होते. एकाच आजीची नातवंडं! हरी मधे उभा राहून म्हणत होता, "श्वास रोखा, हलू नका." त्याचा आवाज कधी चढायचा नाही. मला तर वाटायचं, दोघांच्या उरलेल्या बोटांवर पट्टी मारावी.

त्याचं यंत्र जुनं होतं. व्होल्टेज पडलं की फोटो पांढुरका यायचा आणि पुन्हा काढावा लागायचा. अंधाऱ्या खोलीत तो फोटोच्या प्लेटी हातानं धुवायचा. औषधात हात घालून घालून त्याची बोटं तपकिरी झाली होती, नखांच्या कडा फुटलेल्या असत, आणि मिठाला हात लागला की तो तोंड वाकडं करायचा. किरणांपासून वाचायला शिशाचा एक एप्रन होता, तोही खांद्याशी तडकलेला. छातीला लावायचा एक बिल्ला असे, किती किरणं अंगाला लागली ते सांगणारा. तो दर तीन महिन्यांनी तपासायला मुंबईला पाठवायचा असतो. एकदा तो वर्षभर गेलाच नाही, कारण टपालात कोणी टाकायचा यावर ट्रस्टच्या ऑफिसात एकमत झालं नव्हतं.

आता मुद्द्याचं. फोटो काढताना प्लेटच्या कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवतात. डावी बाजू असेल तर एल, उजवी असेल तर आर. ते अक्षर फोटोत पांढरं उमटतं. अक्षर नसेल तर प्लेट कुठल्या अंगानं धरायची ते कळत नाही. उलटी धरली की उजवा हात डावा दिसतो. आमचं आर हरवलं. बहुधा झाडताना कचऱ्यात गेलं. हरीनं ऑफिसात तीनदा अर्ज केला. तिसऱ्या अर्जावर शेरा आला, "एल आहे, त्यावर भागवावे."

मग हरीनं भागवलं. डाव्या हातापायाला एल लावायचा, उजव्याला काहीच नाही. कोरी प्लेट म्हणजे उजवी. झाडूवाल्या हौसापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हे तोंडपाठ होतं, आणि म्हणूनच ते कुठे लिहून ठेवावं असं कोणाला वाटलं नाही. मलाही नाही.

राही पहिल्यांदा आली ती चौऱ्याऐंशीच्या थंडीत. हातखंब्याच्या पलीकडच्या गावातली, पंचविशीची, अंगानं काटकुळी. डावा हात मोडलेला. सोबत नवरा महिपत. गिरणी संपात गेली म्हणून हा मुंबईहून परतला होता आणि गावात दारू पिऊन सासऱ्यापासून देवापर्यंत सगळ्यांना शिव्या देत होता. "विहिरीवर पाय घसरला हिचा," असं तोच सांगत होता. राही भिंतीकडे बघत होती. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं, हरीनं फोटो काढला, मी प्लास्टर भिजवलं, आणि ती गेली.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात ती पुन्हा आली. या वेळी उजवा हात, कोपराखाली दोन्ही हाडं आरपार. एक डोळा सुजून बंद. ओठ आतून फाटलेला, बोलताना हनुवटीवर रक्त ओघळत होतं. महिपत तिच्या दंडाला धरून उभा. "आंब्यावरनं पडली," तो म्हणाला. आंब्यावरून पडलेल्या बाईच्या गळ्यावर पाच बोटं उमटलेली मी तोवर पाहिली नव्हती.

हरीची एक पद्धत होती. फोटोच्या खोलीत पेशंटखेरीज कोणाला थांबू द्यायचा नाही. "किरणं लागतात, बाहेर व्हा," म्हणायचा, आणि पुरुष किरणांना भलतेच भ्यायचे. बायकोला गुरासारखं बडवणारा वाघ त्या दोन शब्दांनी शेपूट घालून बाहेर जायचा. अख्ख्या इस्पितळात नवरा आत येऊ शकत नाही अशी ती एकच खोली. हात धरायला मी तो तडकलेला एप्रन घालून आत असायची. दार लागलं, आणि राही बोलली.

"मास्तर, मी पडलंय नाय. मारलान. मुसळानं मारलान."

हरी प्लेटची कॅसेट, ती चपटी पेटी, सरकवत होता, तो थांबला. "आनि त्या टायमाला?"

"तवा पन त्यानंच मोडलान. आता मारूनच टाकील."

"मंग सांगत का नाय पोलिसाला?"

"सांगून काय? माज्या बोलन्याला साक्षी कोन हाय?"

हरीनं तिचा हात प्लेटवर अलगद ठेवला. बाकी सगळ्यांशी पुस्तकी बोलणारा हा माणूस तिच्याशी तिच्या बोलीत बोलत होता. तोही पानवलकडच्या कुणब्याच्याच घरचा. "ह्यो फोटो हाय ना," तो म्हणाला. "फोटो खोटं बोलत नाय. तू तक्रार कर. कोर्टात मी उभा ऱ्हातो."

मी तेव्हा मनात म्हटलं, शाब्बास रे हरी. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. त्यानं फोटो काढला. उजवा हात, म्हणून प्लेट कोरी.

त्या वेळचे आमचे डॉक्टर अहमद होडेकर. सरळ माणूस. त्यांनी पोलिसांना चिठ्ठी पाठवली, दाखला लिहिला. फौजदारांनी आम्हाला कायदा समजावला: हाड मोडल्याचं सिद्ध झालं तर गंभीर दुखापत, मोठी शिक्षा. नाही झालं तर साधी मारहाण, किरकोळ दंड. म्हणजे सगळी मदार त्या प्लेटवर. राही माहेरी गेली. महिपत जामिनावर सुटला आणि आठवड्याच्या आत माहेरच्या अंगणातली भाताच्या पेंढ्याची उडवी पेटवून आला. मधे पडलेल्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या छातीत त्यानं लाथ घातली. तोही आमच्याकडे आला, त्याच्याही दोन बरगड्यांचे फोटो हरीनंच काढले. म्हातारा पोलिसांकडे जायला तयार होईना. "एक कोर्ट पुरे झाला," म्हणाला.

खटला उभा राहीपर्यंत सत्त्याऐंशी साल उजाडलं. तोवर होडेकर डॉक्टर गल्फला गेले होते. आमच्या बंदरपट्टीतली शिकलेली निम्मी माणसं तिकडेच जातात, त्यांना दोष कसला देणार? त्यांचा दाखला फायलीत होता, पण तो शाबीत करायला माणूस नव्हता. प्लास्टर मी घातलं होतं, पण माझं नाव कुठल्या कागदावर नव्हतं, म्हणून मला कोणी बोलावलं नाही. राहिला एकटा हरी.

मी रजा टाकून कोर्टात जाऊन बसले. राही पहिल्या बाकावर, पदर घट्ट ओढून. हरी इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्यानं सरकारी वकिलांना सगळं नीट सांगितलं. मग महिपतचा वकील उठला. पिकल्या केसांचा, मऊ आवाजाचा. तसल्या माणसांची मला जास्त भीती वाटते. त्यानं प्लेट खिडकीकडे धरली.

"हा कुठला हात, धनावडे?"

"उजवा, साहेब."

वकिलानं प्लेट उलटी केली. "आणि आता?"

हरीनं प्लेटकडे पाहिलं.

"आता डावा दिसतो. बरोबर? फोटो उमटवणारा मसाला दोन्ही बाजूंनी असतो, म्हणजे प्लेटला पाठ-पोट नसतं. बरोबर? मग हा उजवाच हे कशावरून?"

"साहेब, आमच्याकडे डाव्याला एल लावतात. कोरी प्लेट म्हणजे उजवा."

"हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. "या बाईचा डावा हात आदल्या वर्षी मोडला होता. विहिरीवर पडून. तसं तिनंच तुमच्या इस्पितळात सांगितलंय. त्याचा फोटो तुम्हीच काढला होता. तो कुठे आहे?"

तो चांदीवाल्याकडे गेला होता. जुन्या प्लेटींमधून चांदी निघते. दर दिवाळीआधी ट्रस्ट गठ्ठेच्या गठ्ठे विकायचा. हरीनं तसं सांगितलं.

"म्हणजे जुना फोटो नाही. नाव आणि तारीख तुम्ही प्लेट वाळल्यावर शाईनं लिहिता. मग माझं म्हणणं असं, की ही प्लेट त्या विहिरीवरच्या डाव्या हाताचीच आहे. आज नवे फोटो काढले तर दोन्ही हात मोडून जुळलेले दिसतील, पण कुठला कधी मोडला ते हाड सांगणार नाही."

"नाही साहेब. डाव्याची असती तर एल असता."

"एल लावायला तुम्ही कधी विसरला नाहीत? पंधरा वर्षांत एकदाही?"

मी बाकाची कड धरून बसले होते. सगळ्या जगात त्या क्षणी एकच शब्द हवा होता, आणि तो शब्द 'नाही' होता. कोणी तपासायला येणार नव्हतं. राहीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"विसरलो असेन," हरी म्हणाला. "दोनदा विसरलोय."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच उरली नव्हती.

बाहेर आल्यावर मी हरीला असा फैलावर घेतला की शिरस्तेदार खिडकीतून बघायला लागला. "आईबापांनी नाव ठेवलं हरिश्चंद्र, म्हणून तसं वागलंच पाहिजे काय रे? मिरकरवाड्यात जाळ्यांना बांधायच्या शिशाच्या गोळ्या ढिगानं पडलेल्या असतात. हमीद खलाशी रोज तुझ्याकडे विड्या ओढायला येतो. एक गोळी मागून ठोकून एक आर करायला तुझे हात झडले होते?"

"सुचलं नाही, सिस्टर."

"आणि खोटं? तेही सुचलं नाही?"

"ते सुचलं," तो म्हणाला. "पण विसरलो होतो खरं. तुम्हीच तर दोन्ही वेळा ओरडला होता माझ्यावर."

असल्या माणसाला काय म्हणायचं?

आठ दिवसांनी निकाल लागला. हाड मोडल्याचं शाबीत नाही. साधी मारहाण. महिपतनं दंड भरला आणि तो मोकळा झाला. आम्ही दोघं निकाल ऐकायला गेलो होतो. राहीच्या सोबत माहेरचं कोणी आलं नव्हतं. बाप अजून धापत होता आणि भाऊ रामा मुंबईला.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली शहाळ्यांची हातगाडी असते. राही तिथवर पोचली आणि मागून महिपत आला. त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि एका हिसक्यात तिला जमिनीवर पाडली. "दोन हात झालं," तो ओरडला. "आता पाय ऱ्हायलं. चल घरी, ते पन मोडतंय. काढ मंग फोटू!" आणि चपलेसकट पाय त्यानं तिच्या त्या जुळलेल्या उजव्या हातावर ठेवला आणि दाबला. राही ओरडली नाही, तिच्या घशातून नुसता वारा निघाला. आवारात चाळीस माणसं होती. हवालदार तंबाखू मळत होता. वकील मंडळी पायऱ्यांवर फायली घेऊन उभी. नवरा-बायकोचं भांडण म्हणून सगळी बघत राहिली. मी धावले, महिपतच्या पाठीत गुद्दे घातले, त्यानं कोपर मारून मला गाडीवर फेकलं. माझा चष्मा फुटला.

तेवढ्यात हरीनं गाडीवरचं एक शहाळं उचललं. भलं मोठं, पाण्यानं भरलेलं, अजून न सोललेलं. दोन्ही हातांत धरून, पुढे जाऊन, समोरून त्यानं ते महिपतच्या डाव्या गालावर हाणलं. आवाज मी ऐकला. आयुष्यभर हाडं मोडलेली पाहिली, पण मोडताना ऐकलेलं ते एकच. महिपत गुडघ्यावर आला. हरीनं पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा हवालदाराची तंबाखू संपली आणि तो धावला. महिपतच्या तोंडातून रक्त आणि दोन दात शहाळ्याच्या गाडीखाली पडले. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की तो लपवण्यात अर्थ नाही.

हरीनं शहाळं गाडीवर परत ठेवलं. तो हवालदाराला म्हणाला, "मी पळत नाही. माझी ड्युटी आहे अडीचची." आणि कोर्टापासून सगळ्यात जवळचं इस्पितळ आमचंच, म्हणून महिपतला रिक्षात घालून तिथेच नेलं. मागच्या रिक्षातून हरी, हवालदार, राही आणि मी.

होडेकरांच्या जागी आलेला डॉक्टर कोवळा होता, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं जबडा चाचपला आणि हाक मारली, "हरी, जबड्याचा फोटो काढ. लवकर. पोलीस केस आहे."

त्या दुपारी आमच्याकडे दुसरा टेक्निशियन नव्हता. महिपत टेबलावर उताणा पडला होता आणि वर बघत होता. वर हरीचं तोंड. महिपतला बोलता येईना. जबडा एका बाजूला लोंबत होता, त्यातून नुसता घरघर आवाज येत होता, आणि डोळे गरगर फिरत होते. इतकी भीती मी राहीच्याही डोळ्यांत पाहिली नव्हती. मला वाटलं, बघू दे. जरा कळू दे.

जबड्याच्या फोटोला मान कलती करून मोडलेला गाल कॅसेटवर टेकवावा लागतो. हरीनं गालाखाली कापूस ठेवला. "हलू नका," तो म्हणाला, नेहमीच्या आवाजात. मी त्याच्या कानाशी गेले.

"हरी, प्लेट बिघडव. अंधाऱ्या खोलीत दिवा लाव, काळी होईल. यंत्र बिघडलं म्हण. हाड मोडल्याचा पुरावा नको. साध्या मारहाणीवर सुटशील. तसं कसं सुटायचं ते ह्या महिपतनंच शिकवलंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग एल उचलून प्लेटच्या कोपऱ्यात ठेवला. नेहमी शाईनं लिहायची ती तारीखही त्यानं या वेळी शिशाच्या आकड्यांनी, एकेक जुळवून, एलच्या खाली लावली. आकड्यांचा तो डबा पाच वर्षं कपाटात पडून होता. बटण दाबलं. आत गेला, प्लेट धुतली, आणि ओली, ठिबकणारी प्लेट माझ्यासमोर उजेडात धरली. डाव्या बाजूला हाड स्वच्छ दोन तुकडे. इतका नितळ फोटो त्या यंत्रावर मी कधी पाहिला नव्हता. मी त्याला मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं, आणखी बरंच म्हटलं, आणि रडले.

महिपतचा जबडा सहा आठवडे तारांनी बांधलेला होता. नळीनं पेज प्यायचा. तेवढ्यात मी मुंबईला रामाला तार केली, तो आला, आणि राहीला घेऊन गेला. ती परळला एका खानावळीत भाकऱ्या भाजायला लागली. महिपत बरा झाल्यावर तिला शोधत मुंबईला गेला, पण गिरणगावात तोंड वाकड्या माणसाला कोणी पत्ता दिला नाही. तिनं मला एक पत्र पाठवलं होतं, कोणाकडून तरी लिहवून. हात दुखतो पण चालतो, असं होतं त्यात.

हरीचा खटला लवकर उभा राहिला. कोरी प्लेट कोर्टाला कळली नव्हती. ही लगेच कळली. न्यायाधीशांनी ती उजेडाकडे धरली. महिपतच्या बाजूनं तोच मऊ आवाजाचा वकील समोर बसला होता, आणि त्यानं मनात आणलं असतं तरी तिच्यात बोट घालायला जागा नव्हती.

"ही प्लेट कोणी काढली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मीच, साहेब."

"जबडा कोणी मोडला?"

"तोही मीच."

या वेळीही मागे कोणीतरी हसलं. मी वळून असं पाहिलं की पुन्हा कोणी हसलं नाही. आठ महिन्यांची सजा झाली. ट्रस्टनं दुसऱ्याच दिवशी नोकरीवरून काढल्याचं पत्र दिलं. शेरे मारायला वर्ष लावणारं ते ऑफिस, त्यांची एवढी तत्परता मी पहिल्यांदाच पाहिली.

सुटल्यावर तो माझ्याकडे आला. वाळला होता, पण बोटं पहिल्यांदाच स्वच्छ झाली होती. आठ महिने औषधात हात नाही. मी पोहे केले. त्यानं राहीचं पत्र दोनदा वाचलं. मग मला राहवेना. "एक प्लेट," मी म्हटलं. "एक प्लेट काळी करायची होती. कोणाचं काय गेलं असतं? नोकरी राहिली असती, आठ महिने वाचले असते. कशासाठी केलंस हे?"

हरीनं बशी खाली ठेवली.

"सिस्टर, ती एक प्लेट मी खोटी केली असती, तर राहीची खरी होती असं मी कुणाला कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?"